सोपो

शुक्रवारी सकाळी सहाला
पावतीपुस्तक काखेत मारून मी बाजारात शिरतो.
म्हापसा तोवर अर्धं मांडून झालेलं असतं :
हरमलच्या मिरच्या, मोयऱ्याची केळी,
दोरीला टांगलेली चोरिसं, मातीची बुडकुली,
आणि ज्याला जागा मिळाली नाही
त्याचं भांडण.

मी सोपो गोळा करतो.
बसल्या जागेचे पैसे.
पोर्तुगीज गेले, शब्द मागे राहिला,
त्या शब्दाला आता माझा चेहरा आहे.
मला लांबून पाहून बायका टोपली आत ओढतात,
जागा दोन विती लहान करतात.
मी पाहून न पाहिल्यासारखं करतो.
तेवढी सूट कुठल्याच नियमात नाही.

केळीवाली पिएदाद एकदा म्हणाली,
"पयशे व्हर. पूण ते खंय वतात, तें सांग."
मी वर बोट केलं, पालिकेच्या दिशेला.
तिने वर पाहिलं.
पत्र्यावर कावळा बसला होता.

सत्तावीस वर्षं पिएदाद शुक्रवारी पाणी पीत नाही.
पहाटे चहा नाही, दुपारी पेज नाही,
उन्हात ओठांवरून जीभ फिरवते
आणि गिऱ्हाइकावर खेकसते.
कारण मी कधी विचारलं नव्हतं.
मासळीबाजारामागची भिंत आम्हा पुरुषांना
न विचारताच मिळालेली असते.

फेब्रुवारीत मला हिशेबात बसवलं,
अंदाजपत्रक टाईप करायला.
तिथे भेटल्या माझ्या दहा-दहाच्या पावत्या,
वर्षभराच्या, एका ओळीत झोपलेल्या :
बाजार शुल्क, जमा.
मिरचीचा वास नाही, घामाचा डाग नाही.
त्यांना ओळखणारा त्या इमारतीत
मी एकटाच होतो.

सभेत सगळे म्हणाले, शहर वाढतंय.
वाढतंय म्हणून वेशीवर कमान हवी,
कमानीवर दिवे हवेत, चौकात कारंजं हवं.
विदिशा लोटलीकर, कनिष्ठ अभियंता,
नकाशा उलगडून म्हणाली,
मलवाहिनी हवी. पंप हवा. बाजारात बायकांसाठी नऊ शौचालयं.
एक नगरसेवक हसला :
"जमिनीखालच्या वस्तूची फीत कुठे कापायची, बाय?"
ती म्हणाली, "आणि दोन बायका पगारावर.
बांधणं एकदाचं असतं, झाडणं रोजचं."

कुणीतरी विचारलं, सोपो किती येतो रे?
मी दाराशी फाईल धरून उभा.
आकडा सांगितला.
आणि तोंडातून त्याच्याच मागोमाग निघालं,
"पिएदाद पाणी पीत नाही."
दोघे हसले. एकाने विचारलं, कोण पिएदाद?
मुख्याधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं, परत काढलं.

नऊ मागितली, चार मिळाली.
पगारी बाई एकच.
कारंजंही मंजूर झालं, खोटं कशाला सांगू;
संध्याकाळी पोरं त्याच्याभोवती ओरडतात
आणि मलाही थांबून बघावंसं वाटतं.
पण निविदा, फेरनिविदा, मध्ये एक निवडणूक,
पंप आला तर वीज नाही,
वीज आली तर नळाची तोटी कुणी काढून नेलेली.
दीड वर्ष गेलं.

परवाच्या शुक्रवारी, अकराच्या सुमारास,
पिएदादच्या टोपलीजवळ बाटली होती.
अर्धी रिकामी.
मी पावती फाडली.
एरवी ती न बघता फ्रॉकच्या खिशात कोंबते.
आज तिने डोळ्यांपासून लांब धरून
ती सबंध वाचली, तारखेसकट.
मग म्हणाली,
"उजव्या दाराची कडी लागना. वयर सांग."
आणि बोट केलं
पालिकेच्या दिशेला.

पत्र्यावर कावळा होताच.
मी पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं :
कडी. उजवीकडची.